दोन रविवारांचं काम

विघ्नेश साळवी अंदाज सांगून पोट भरत असे. ज्योतिष नव्हे, ज्योतिष्यासमोर निदान पत्रिका तरी असते. विघ्नेशच्या कंपनीत गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, आम्हाला एक सॉफ्टवेअर हवंय, नेमकं काय हवंय ते अजून ठरलेलं नाही, पण किती माणसं लागतील आणि कधी पुरं होईल ते शुक्रवारपर्यंत सांगा. ते सांगायचं काम विघ्नेशचं. त्याच्या हुद्द्याला इंग्रजीत भारदस्त नाव होतं आणि ते त्याने विरारला, फुलपाड्यातल्या मंगलदीप सोसायटीत, आपल्या दारावरच्या पाटीवरही कोरून घेतलं होतं. चौथ्या मजल्यापर्यंत चढून आलेले कुरिअरवाले दम खाताना ते वाचत.

या विद्येचा एक नियम आहे आणि विघ्नेश तो सोवळ्यासारखा पाळी. मनात जो आकडा येईल त्याची दुप्पट करायची आणि मगच तोंड उघडायचं. वरचा साहेब त्याला निम्म्यावर आणतो, गिऱ्हाईक त्यातून आणखी छाटतं, आणि काम शेवटी जेव्हा व्हायचं तेव्हाच होतं. तरी दुप्पट करायचीच. स्वतः प्रोग्रामची ओळ लिहून त्याला एक तप उलटून गेलं होतं, पण लग्नं लावणाऱ्या भटजीला कोणी तुमची स्वतःची किती झाली असं विचारत नाही, तसं त्यालाही आजवर कोणी विचारलं नव्हतं. घरात त्याची बायको संपदा मात्र त्याने दुप्पट करून सांगितलेल्या आकड्याची पुन्हा दुप्पट करी, आणि बहुतेक वेळा तीच बरोबर ठरे. या गोष्टीवर त्या घरात चर्चा होत नसे.

तर मे महिना होता. मंगलदीपमध्ये उन्हाळा म्हणजे टँकर. टँकर आला की पाणी खालच्या टाकीत पडायचं, तिथून पंपाने गच्चीवर चढायचं, आणि मग वॉचमन एकेका विंगचा व्हॉल्व्ह अर्धा तास उघडायचा. त्या अर्ध्या तासात घरी असलात तर पिंप भरतं, नसलात तर दिवस कोरडा. टँकर सकाळी येईल की दुपारी, हे टँकरवाल्यालाही सांगता येत नसे. त्यामुळे मंगलदीपमधली माणसं मे महिन्यात लग्नाला जाताना घरात एक माणूस मागे ठेवून जात.

क्लारा आंटींच्या घरात मागे ठेवायला माणूसच नव्हतं. क्लारा तुस्कानो विघ्नेशच्या शेजारच्या दारात राहत. नर्स होत्या, आता निवृत्त. नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली होती. एका संध्याकाळी जिन्यात त्यांची आणि साळवी नवराबायकोंची गाठ पडली. लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून आंटी म्हणाल्या, "आमची मोठी बहीण चालली. पॉलिन. जेम्सने, तिच्या मुलाने, तिकीट काढलंय. महिन्याच्या शेवटी कॅनडाला. पापडी गावातल्या तिच्या घराला कुलूप."

"कायमच्या?" संपदाने विचारलं.

"मुलगा म्हणतो हवापालट. या वयात कसला हवापालट." आंटींनी पदराने मान पुसली. "तोवर तिच्याकडे जाऊन राहावं म्हणते. लहानपणी एका अंथरुणात झोपायचो आम्ही. पण पाण्याचं काय करू? एक दिवस नाही भरलं तर दुसऱ्या दिवशी संडासलासुद्धा नाही."

संपदा काहीतरी बोलणार होती. तिने तोंड उघडलंही होतं. पण विघ्नेश तिच्या आधी बोलला.

"आंटी, हा प्रश्न माहितीचा आहे," तो म्हणाला. "टँकर निघाला की तुमच्या फोनवर निरोप आला पाहिजे. पापडीहून निघाल, पिंप भराल, परत जाल. एक छोटंसं अ‍ॅप लागेल."

"ते कोण करणार?"

"मी करतो."

"किती दिवस लागतील रे?"

विघ्नेशच्या मनात एक रविवार आला. त्याने नियमाप्रमाणे दुप्पट केली. "दोन रविवार," तो म्हणाला, आणि हे त्याने ज्या गांभीर्याने सांगितलं ते पाहून कोणालाही धीर आला असता. आंटींना तर तो आलाच. त्यांनी तिथेच उभ्याउभ्या पॉलिनला फोन लावला आणि आपल्या घरच्या बोलीत भराभरा काहीतरी सांगितलं. त्यात 'दोन आयतार' एवढं विघ्नेशला कळलं. वर येऊन संपदा आंटींना म्हणाली, "आंटी, यांचा आकडा दुप्पट धरायचा बरं का." आंटी हसल्या. विघ्नेश हसला नाही. आपल्या कामाची थट्टा त्याला आवडत नसे.

पहिला रविवार आठवण्यात गेला. प्रोग्राम लिहायची जी भाषा विघ्नेशला येत होती ती आता कोणी वापरत नाही असं त्याच्या लक्षात आलं, आणि जी वापरतात ती एक गोरा मुलगा व्हिडिओवर इतक्या भरभर शिकवत होता की विघ्नेशला त्याला सारखं मागे न्यावं लागलं. संध्याकाळी त्याच्या फोनच्या पडद्यावर एक निळं बटण उमटलं. दाबलं की काही होत नव्हतं, पण ते मधोमध होतं. त्याने ते संपदाला दाखवलं. संपदा म्हणाली, छान आहे.

ही गोष्ट गुपचूप राहिली असती तर कदाचित दोन नाही तर चार रविवारांत काहीतरी झालं असतं. पण सोसायटीचे चेअरमन हरेश्वर म्हात्रे यांना ती कळली. म्हात्रे खाडीकाठच्या शेतकरी घरातले. त्यांच्या भाताच्या खाचरावर ही मंगलदीप उभी होती, त्यामुळे ते निवडून येत नसत, असतच. ते वर आले, बूट काढून सोफ्यावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "साळवी, तुमी पान्याचं कायतरी बनवताय आसं ऐकलं. मंग सगल्या सोसायटीला द्या ना. एकट्या आंटीचं काय पानी वेगलं हाय?"

विघ्नेशने नाही म्हणायला हवं होतं. त्याच्या धंद्यात गिऱ्हाईकाने नवी मागणी केली की 'बघतो' म्हणायची रीत आहे. तो म्हणाला, बघतो. म्हात्र्यांच्या हिशेबी ते हो होतं.

मग मागण्या आल्या. टँकर कुठे अडकलाय ते नकाशावर दिसावं, असं म्हात्र्यांना वाटलं; त्यासाठी टँकरवाल्याच्या फोनचा ठावठिकाणा लागत होता आणि तो द्यायला टँकरवाला तयार होईना, कारण मंगलदीपच्या नावावर निघालेलं पाणी वाटेत आणखी एका बिल्डिंगमध्ये थांबून येतं हे त्यातून दिसलं असतं. ए विंगला किती मिळालं ते बी विंगला दिसू नये, असं ए विंग म्हणाली. खजिनदार वसुंधराबाई कुलकर्णी साताऱ्याकडच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी अ‍ॅपमधली भाषा तपासायला मागितली, 'टँकर'च्या जागी 'जलवाहन' घातलं, आणि रोज सकाळी एक सुविचार पाठवण्याची सोय असावी असं सुचवलं. "माणसं फोन उघडणारच आहेत," त्या म्हणाल्या, "तर संस्कारही जाऊ देत." पार्किंग आलं. गणपतीची वर्गणी आली. यापैकी एकही मागणी अवाजवी नव्हती, आणि प्रत्येक जण आपली सांगताना "तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम" असं म्हणून जाई. जो माणूस दिवसभर इतरांच्या कामाला महिने लावतो त्याला हे ऐकताना काय वाटत असेल, याचा विचार मंगलदीपमध्ये कोणी केला नाही.

क्लारा आंटी रोज सकाळी दूध घ्यायला दार उघडत तेव्हा विचारत नसत. नुसत्या बघत. दुसरा रविवार उलटून गेला होता.

तेव्हा विघ्नेशने ठरवलं की आता हे काम शास्त्राने करायचं. त्याच्या कंपनीत अंदाज काढण्यासाठी पत्ते वापरतात. खोटं वाटेल, पण खरं आहे. प्रत्येकाला आकडे छापलेली पानं देतात. एक काम वाचून दाखवायचं. त्याला किती मेहनत पडेल त्या आकड्याचं पान प्रत्येकाने उपडं ठेवायचं आणि सगळ्यांनी एकदम उलटायचं. ज्याचा आकडा सर्वांत मोठा आणि ज्याचा सर्वांत लहान, त्यांनी आपापलं कारण सांगायचं. त्यातून शहाणपण निघतं अशी समजूत आहे. विघ्नेशने तो पत्त्यांचा जोड ऑफिसातून आणला आणि शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात कमिटीला बसवलं. कुठली मागणी किती भारी आहे हे या लोकांना एकदा कळलं की ते आपणहून मागण्या मागे घेतील, आणि आंटींचं निळं बटण तेवढं उरेल, असा त्याचा डाव होता.

पण म्हात्रे पत्त्यांत मुरलेले. गौरीच्या जागरणाला त्यांच्या आळीत बसलेला फड सकाळी चहालाच उठे. आकडे छापलेली पानं उपडी ठेवायची हे कळल्याबरोबर त्यांनी बनियनवर येऊन पंखा आपल्याकडे वळवून घेतला. पहिलं काम होतं सुविचार. सगळ्यांनी पानं उलटली. म्हात्र्यांचं शंभराचं.

"चेअरमनसाहेब, तुमचा सर्वांत मोठा आलाय," विघ्नेश म्हणाला. "कारण सांगा."

"कारन काय सांगायचं," म्हात्रे म्हणाले. "जिंकलो."

विघ्नेशने पुन्हा समजावलं. वसुंधराबाईंनीही समजावलं, आणि समजावता समजावता दुसऱ्या डावाला स्वतः शंभराचं पान टाकलं, कारण चेअरमनपुढे खजिनदाराने कमी पडणं त्यांना बरं दिसेना. तिसऱ्या डावाला म्हात्रे पान न बघताच टाकू लागले. खिडकीबाहेर बी विंगची माणसं जमली. आतून "दाखवा, दाखवा" असे आवाज येत होते. त्यांतल्या कोणीतरी, ज्याच्या पार्किंगचा वाद कमिटीकडे पडून होता, पोलिसांना फोन केला.

दोन हवालदार आले. त्यांतल्या मोठ्याने टेबलावरची पानं पाहिली आणि विचारलं, "पैसे कुठे आहेत?"

"पैसे नाहीत, साहेब," विघ्नेश म्हणाला. "आम्ही पॉइंट लावतो."

"पॉइंट कितीला?"

"पॉइंटला किंमत नसते. पॉइंट म्हणजे मेहनत."

"मेहनत डावावर लावता?" हवालदाराने धाकट्या हवालदाराकडे बघितलं. "बरं, एका पॉइंटची मेहनत किती तासांची?"

हा प्रश्न विघ्नेशला नोकरीत अनेकदा विचारला गेला होता आणि त्याचं जे प्रामाणिक उत्तर आहे तेच त्याने दिलं. "ते सांगता येत नाही. प्रत्येक टीमचं वेगळं असतं."

"अहो, जुगारीसुद्धा हिशेब नीट सांगतात," हवालदार म्हणाला. त्याने चहाच्या कपाचं चित्र असलेलं एक पान उचललं. "हा जोकर का?"

"ते विश्रांतीचं पान आहे."

"आणि हे प्रश्नचिन्ह?"

"सांगता येत नाही, असं म्हणायचं असेल तर ते टाकतात. मी कधी टाकलेलं नाही."

प्रकरण इथेही मिटलं असतं. पण म्हात्र्यांना आपला मोठेपणा सांगावासा वाटला. ते म्हणाले, "साहेब, आमी गुन्हेगार न्हाय. मी तर सारखा जिंकत होतो."

विघ्नेशला कमिटीसकट पोलीस चौकीत जाऊन जबाब द्यावा लागला. जबाब लिहिणाऱ्याने 'खेळाचे नाव' अशी जागा मोकळी सोडायला नकार दिला, म्हणून बराच वेळ खल होऊन शेवटी 'सदर इसम पाण्याचा अंदाज पत्त्यांद्वारे काढत होते' असं लिहिण्यात आलं. विघ्नेशने सही केली. पंचवीस जणांच्या खोलीत ज्याचा शब्द अखेरचा असतो त्या माणसाची ती सही होती. वसुंधराबाईंनी चौकीतल्या फलकावरचं शुद्धलेखन सुधारून दिलं, त्यामुळे सुटका जरा लवकर झाली. दुसऱ्या दिवसापासून बी विंगमध्ये त्याला पॉइंटवाले साळवी म्हणू लागले.

अपमान झालेला माणूस हट्टाला पेटतो. विघ्नेशने रजा टाकली. सुविचार, नकाशा, वर्गणी, सगळं बाजूला ठेवून तो निळ्या बटणामागे लागला, आणि महिना संपायला आठवडा राहिला असताना टँकर निघाल्याचा फोन आल्यावर वॉचमनने बटण दाबलं की विंगमधल्या सगळ्यांच्या फोनवर निरोप जाईल इथवर पोचला. तो शेजारच्या दारात गेला.

"आंटी, चाचणी सुरू झाली. तुम्ही निघा. पाणी निघालं की फोन वाजेल."

आंटींनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तेवढ्यासाठी चौकीसुद्धा त्याला स्वस्त वाटली. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. पिशवीत बहिणीसाठी कोळंबीचं लोणचं होतं.

दुपारी विघ्नेश निरोपातला 'जलवाहन' शब्द काढून साधा 'टँकर' घालत होता. शब्द नीट बसला का ते बघायला त्याने बटण दाबलं. तो निरोप फक्त आपल्याच फोनवर येईल अशी त्याची समजूत होती. समजूत चुकीची होती. पूर्ण विंगेत फोन वाजले. झोपलेली माणसं उठली, नळ सोडले, पाणी येईना म्हणून शिव्या घालून, नळ तसेच सोडून पुन्हा झोपली. संध्याकाळी खरा टँकर आला तेव्हा निम्म्या घरांत माणसं बाहेर गेलेली होती, आणि गच्चीवरची टाकी अर्ध्या तासात मोऱ्यांतून वाहून गेली.

पण ते नंतर. त्याआधी, त्या टळटळीत दुपारी, पापडीला क्लारा आंटींचाही फोन वाजला होता. त्या नुकत्याच बहिणीबरोबर जेवायला बसल्या होत्या. त्यांनी हात धुतला, रिक्षा केली, मग बस, मग पुन्हा रिक्षा, आणि बंद लिफ्टचे चार मजले चढून त्यांनी नळ उघडला. नळाने नुसता सुस्कारा टाकला.

विघ्नेशने दार उघडलं तेव्हा त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या होत्या. चेहरा लाल झाला होता. त्यांनी विचारलं, "टँकर गेला का रे? मी उशीर केला का?"

"नाही आंटी," तो म्हणाला. "टँकर आलाच नाही. माझी चूक झाली."

"असू दे," आंटी म्हणाल्या. "पॉलिन ताट झाकून ठेवते म्हणाली. पण आता पुन्हा जायचं बळ नाही. बघू उद्या." आणि त्या भिंतीला धरून उठल्या.

त्या एका वाक्याने विघ्नेशला जितकी लाज वाटली तितकी चौकीत वाटली नव्हती. संपदाने आंटींना पन्ह्याचा ग्लास नेऊन दिला, परत आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"त्या दिवशी जिन्यात मी काय म्हणणार होते सांगू?" ती म्हणाली. "म्हणणार होते की आंटी, किल्ली ठेवून जा, पाणी आम्ही भरू. एक भिंत मध्ये आहे. तुम्ही आधी बोललात."

"मग नंतर का नाही म्हणालीस?"

"अ‍ॅप होणार होतं ना. म्हटलं, तुमचा मान मोडायला नको."

विघ्नेश उठला. तो शेजारी गेला. आंटी अंधारलेल्या हॉलमध्ये पाय वर घेऊन बसल्या होत्या.

"आंटी, किल्ली द्या. पाणी मी भरतो."

"अ‍ॅप झालं?"

"नाही झालं. होईल असं वाटत नाही."

आंटींनी पाय खाली सोडले. मग म्हणाल्या, "किल्ली मी पहिल्याच दिवशी देणार होते. पण तू एवढा आकडा सांगून मोकळा झालास. म्हटलं, आता किल्ली दिली तर तुला वाटेल हिचा विश्वास नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी विघ्नेशने त्यांना रिक्षातून पापडीला नेऊन सोडलं. त्यानंतरचे दिवस टँकर आला की तो दोन घरांच्या मध्ये धावे. आंटींचं पिंप, बादल्या, कळशी, खिडकीतली त्यांची गुलाबाची कुंडी. त्याची ऑफिसची मीटिंग असली की संपदा भरी. तिलाही जमणार नव्हतं तेव्हा म्हात्रे स्वतः वर आले, धोतर खोचलं आणि नळी धरली. "ह्याला अ‍ॅप कशाला पायजे होतं, साळवी," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. विघ्नेशने पुढची बादली नळीखाली सरकवली. एवढ्यावरही दोन बहिणींना एकत्र मिळाले ते शेवटचे थोडे दिवस. त्याच्या आधीचे सगळे निळ्या बटणाने खाल्ले होते, आणि ते परत मिळणार नव्हते हे विघ्नेशला प्रत्येक बादलीला आठवे.

पॉलिन निघाली त्या संध्याकाळी तो आंटींना आणायला पापडीला गेला. दारात गाडी उभी होती. जेम्स बॅगा भरत होता. पॉलिनला दोघांनी धरून पुढच्या सीटवर बसवलं. ती बसली, पर्स दोन्ही हातांनी धरून, आणि विघ्नेशकडे बोट करून तिने बहिणीला विचारलं, "हाच काय तो पाणीवाला?"

"हाच," आंटी म्हणाल्या.

दारावरच्या पाटीवरचं ते भारदस्त नाव विघ्नेशला आठवलं. पाणीवाला हे काही वाईट वाटलं नाही. पॉलिनने खिडकीतून हात बाहेर काढला, आंटींनी तो धरला, आणि गाडी हलेपर्यंत सोडला नाही.

गाडी चर्चच्या वळणावरून दिसेनाशी झाली. आंटी फाटकाला धरून उभ्या राहिल्या. मग विचारलं, "विघ्नेश, ती परत कधी येईल रे?"

पॉलिनचं वय त्याला ठाऊक होतं. तिला गाडीत बसवायला दोन माणसं लागली होती हेही त्याने पाहिलं होतं. प्रश्नचिन्हाचं ते पान आयुष्यात एकदा टाकायचं तर ते आत्ता, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. त्याला ते टाकवेना.

"वर्षभरात येतील, आंटी," तो म्हणाला.

आंटींनी मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. "दुप्पट करून सांगितलंस, की करायची आहे?"

"करायची आहे."

"म्हणजे दोन." त्यांनी फाटक ओढून घेतलं आणि कडी घातली. "दोन चालतील. दोन वर्षं मी आहे."

मग त्यांनी पिशवी त्याच्या हातात दिली, आणि आज पाणी भरायची पाळी कोणाची होती, ते विचारलं.